व्हेंटिलेटर नेमका कधी काढतात?

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर ताटकळलेले नातेवाईक डॉक्टरांना बहुधा एकच प्रश्न विचारतात, ‘व्हेंटिलेटर कधी काढणार?’ व्हेंटिलेटर लागला म्हणजे सारे संपले, अशी समजूत आपल्या समाजात रूढ आहे. वस्तुतः हे यंत्र स्वतः आजार बरा करीत नाही. न्यूमोनिया, जंतुसंसर्ग किंवा मोठी शस्त्रक्रिया यांतून शरीर सावरेपर्यंत श्वासोच्छ्वासाचा भार ते वाहते. मूळ आजार ओसरू लागला की हा भार पुन्हा रुग्णाकडे सोपवायचा असतो. या प्रक्रियेला ‘वीनिंग’ म्हणतात. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध सोडवण्यासाठी इंग्रजीत हाच शब्द आहे.

हा निर्णय लांबवण्यात धोका असतो. छाती आणि पोट यांच्यामधील श्वासपटल हा श्वसनाचा मुख्य स्नायू. यंत्र सर्व काम करू लागले की तो झपाट्याने झिजतो. मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. अवघे १८ ते ६९ तास यंत्रावर असलेल्या या व्यक्तींच्या स्नायुतंतूंचा आकार निम्म्याहून अधिक घटलेला आढळला. शिवाय घशातील नळीमुळे फुप्फुसात नवा संसर्ग शिरण्याची भीती असते. घाईही तितकीच घातक ठरते. काढलेली नळी पुन्हा घालावी लागलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक असते.

म्हणूनच डॉक्टर केवळ अंदाजावर विसंबून राहत नाहीत. रक्तदाब स्थिर आहे, ऑक्सिजनची गरज कमी झाली आहे, असे दिसताच गुंगीचे औषध थांबवून रुग्णाला जागे केले जाते. मग यंत्राचा आधार काढून किंवा अगदी अल्प ठेवून ३० मिनिटे ते २ तास त्याला स्वतः श्वास घेऊ देतात. नळी मात्र जागेवरच असते. या चाचणीत नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, घाम आणि अस्वस्थता यांवर बारीक लक्ष ठेवले जाते.

एक साधे गणितही उपयोगी पडते. मिनिटातील श्वासांच्या संख्येला प्रत्येक श्वासातील हवेच्या लिटरमधील मापाने भागायचे. २५ श्वास आणि ०.४ लिटर हवा असेल, तर उत्तर ६२.५ येते. ४० उथळ श्वास आणि ०.२५ लिटर असेल, तर १६०. १९९१ च्या एका संशोधनानुसार १०५ पेक्षा अधिक आकडा अपयशाची शक्यता सुचवतो.

स्पेनमधील १९९५ च्या अभ्यासात, यंत्राचे ठोके हळूहळू कमी करीत जाण्याच्या पद्धतीपेक्षा दिवसातून एकदा अशी चाचणी घेतल्याने रुग्ण सुमारे तिप्पट वेगाने यंत्रमुक्त झाले. अमेरिकेत ३३६ रुग्णांवर झालेल्या २००८ च्या अभ्यासात रोज गुंगी थांबवण्याची जोड या चाचणीला दिली गेली. त्या गटात वर्षभरातील मृत्यूही कमी झाले.

चाचणी उत्तीर्ण झाली तरी नळी लगेच निघेलच असे नाही. रुग्णाला जोराने खोकून कफ बाहेर टाकता येतो का, घशात सूज आहे का, हे पाहावे लागते. काहींना नळी काढल्यावर मास्कद्वारे दाबाने हवा द्यावी लागते. यंत्राची गरज दीर्घकाळ राहिली, तर गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवतात. त्यामुळे गुंगीचे औषध कमी लागते.

चाचणी फसली, तर रुग्णाला पुन्हा यंत्रावर विश्रांती देतात आणि कारण शोधतात. हृदयावरचा ताण, अंगात साठलेले पाणी, दाटलेला कफ किंवा स्नायूंचा अशक्तपणा यांवर उपचार करून बहुधा दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न होतो. एका दिवसाचे अपयश म्हणजे अखेर नव्हे. म्हणून नातेवाईकांनी ‘कधी काढणार?’ याबरोबरच ‘आज चाचणी झाली का, आणि कशामुळे अडले?’ हेही विचारावे. नळी स्वरतंतूंमधून जात असल्याने रुग्णाला बोलता येत नाही. ऐकू मात्र येत असते. गुंगीतून जागा होणारा माणूस भांबावलेला असतो. अशा वेळी ओळखीचा आवाज आणि हातातला हात त्याला धीर देतो.