मोटारीतील गाणे आणि चालकाचे अवधान

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा मुलूख मोटार चालविणाऱ्याची परीक्षा जितक्या प्रकारांनी पाहतो, तितक्या प्रकारांनी ती पाहणारे प्रदेश महाराष्ट्रात फार थोडे असतील. सकाळी महाबळेश्वरच्या धुक्यात दिवे लावून निघालेली गाडी पाचगणी मागे टाकून पसरणीच्या घाटाने वाईस उतरते, पुढे महामार्गास लागून सातारा आणि कऱ्हाड ओलांडीपर्यंत वेग धरते, आणि पेठ नाक्यावरून सांगलीच्या वाटेस वळली की दोहों बाजूंस उसाचे फड आणि समोर उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अशा रहदारीत सापडते. धुके, उतार, वेग आणि अडथळा ही चारही प्रकरणे एकाच दिवसाच्या प्रवासात उलगडत असल्यामुळे, गाडीतील प्रत्येक कळ कोठे आहे आणि ती केव्हा दाबावयाची, हे येथील चालकाच्या हातास ठाऊक असावे लागते.

हाच मुलूख गाण्याचाही आहे. १८८८ साली बालगंधर्वांचा जन्म झाला तो कृष्णाकाठच्या नागठाण्यास. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी वास्तव्यासाठी मिरज पसंत केली. आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अशा प्रांतात प्रवासाला निघालेल्या कुटुंबाने गाणे लावावे, यात वावगे काही नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, मोटारीतील ध्वनियंत्रणा हीसुद्धा ब्रेक, दिवे आणि वायपर यांच्या पंक्तीत बसणारे चालकाचे एक नियंत्रण आहे, आणि तिचा बंदोबस्त त्याच शिस्तीने ठेवला पाहिजे. कारण डोळ्यांच्या खालोखाल चालकाचे इमान राखणारे इंद्रिय कान हेच आहे.

मोटारीत रेडिओ बसविण्याची कल्पना व्यापारी यशास नेली ती अमेरिकेतील पॉल गॅल्व्हिन यांच्या कारखान्याने १९३० साली, आणि त्या रेडिओसाठी योजलेले ‘मोटोरोला’ हे नाव पुढे जगभर झाले. आपल्याकडे रेडिओ बाळगण्यास टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे आणि दरसाल त्याची फी भरावी लागे. ही पद्धती १९८०च्या दशकात संपुष्टात आली. या इतिहासात आपल्या दृष्टीने १९६३ हे वर्ष विशेष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट जगापुढे ठेवली, आणि ऑक्टोबरात आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले. केंद्र जे देईल ते ऐकणे आणि आपल्याला हवे ते लावणे, या दोन्ही सोयींचा पाया अशा रीतीने सव्वा महिन्याच्या अवधीत घातला गेला, आणि यथाकाल त्या दोन्ही मोटारीच्या डॅशबोर्डात एकत्र नांदू लागल्या.

अँबॅसडर आणि फियाट यांच्या जमान्यातील त्या जुन्या संचांत एक गुण असा होता, की त्याची आठवण आज मुद्दाम करून द्यावी. एका टोकास आवाजाचे फिरते बटण, दुसऱ्या टोकास केंद्र लावण्याचे, आणि मध्ये ठरावीक केंद्रांसाठी दाबावयाची चार-पाच बटणे, एवढाच त्यांचा पसारा असल्यामुळे, नजर रस्त्यावरून न काढता चालकाचा हात नेमक्या बटणावर पडत असे. आजच्या स्पर्शपडद्यावर बोटाला चाचपता येईल असा उंचवटा नसतो. तेथे प्रत्येक वेळी डोळ्यांनाच जावे लागते. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. गाणे बदलण्यासाठी दोनच सेकंद नजर पडद्यावर गेली, तरी तेवढ्यात ४४ मीटर रस्ता न पाहता तोडला जातो. स्टिअरिंगच्या चाकावरच आवाज, पुढचे गाणे आणि फोन यांची बटणे देण्याची जी तजवीज अलीकडच्या गाड्यांत असते, तिचे प्रयोजन हेच आहे, आणि ज्याच्या गाडीत ती आहे त्याने पडद्यास हात लावण्याची सवय मोडूनच टाकावी.

यावरून पहिला नियम निघतो: जे ठरवावयाचे ते चाक हलण्यापूर्वी ठरवावे. आसन पुढेमागे करून क्लच पूर्ण दाबला जातो की नाही हे पाहावे, आरसे लावावेत, पट्टा बांधावा, आणि त्याच ओघात मोबाइल ब्लूटूथने जोडून गाण्यांची यादी व मार्गाचा नकाशा सिद्ध करावा. आवडीचे केंद्र एकदा सापडले की बहुतेक संचांत क्रमांकाचे बटण काही क्षण दाबून धरल्यास ते त्या क्रमांकावर कायम होते. सातारा आकाशवाणीची १०३.१ मेगाहर्ट्झ ही एफएम लहर अशी आधीच नोंदवून ठेवली, तर वाटेत शोधाशोध उरत नाही. आवाजाच्या मांडणीत डावे-उजवे आणि पुढे-मागे असे दोन तोल असतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्यामुळे उजवा स्पीकर त्याच्या अधिक जवळ येतो. सबब तोल किंचित डावीकडे नेला म्हणजे गाणे समोरून आल्यासारखे वाटते. मागे मूल निजले असेल तर पुढच्या बाजूस आवाज आणावा. इंजिन बंद ठेवून गाणी ऐकत बसण्याने मात्र बॅटरी उतरते, आणि घाटमाथ्यावर ती उतरली तर मदत मिळेपर्यंत खोळंबा होतो, याचे भान ठेवावे.

नाद कसा असावा, याविषयी मिरजेच्या कारागिरांपासून एक धडा घेण्यासारखा आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढताना ते खर्ज आणि वरचे नाद यांचा मेळ कानाने साधतात. संचातील खर्ज, मध्य आणि तार यांची प्रमाणे लावताना तंबोऱ्याचेच ध्वनिमुद्रण लावून पाहावे. खर्जाचा घुमारा वरच्या नादांना गिळू लागला, तर खर्ज कमी करावा. गाण्याचे शब्द आणि स्वरांचे बारकावे प्रामुख्याने मध्यभागात असतात. शिवाय बालगंधर्वांच्या किंवा खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांत खोल खर्ज मुळात उतरलेलाच नाही, त्यामुळे तो वाढविण्याने गाणे सुधारत नाही, दारांचे पत्रे मात्र थरथरतात. ज्याला नाद स्पष्ट मिळतो त्याला आवाज चढवावा लागत नाही, आणि सुरक्षिततेचे अर्धे काम तेथेच होते.

घाटात रेडिओ खरखरू लागला म्हणजे पुष्कळ चालक संचाला दोष देऊन बटणे पिळू लागतात. वस्तुतः कसूर संचाची नसून डोंगराची असते. सांगली केंद्राची १२५१ किलोहर्ट्झची मध्यम लहर सुमारे २४० मीटर लांबीची, तर साताऱ्याची एफएम लहर तीन मीटरांहूनही आखूड. लांब लहर जमिनीच्या चढउतारांना वळसा घालून पुढे जाते, परंतु विजेच्या तारा, गाडीचे स्वतःचे इंजिन आणि हलक्या प्रतीचे चार्जर यांचा गोंगाट तिच्यात सहज मिसळतो. आखूड लहर नितळ असते, पण ती सरळ रेषेत चालत असल्यामुळे यवतेश्वरच्या किंवा कुंभार्लीच्या वळणावर डोंगर आडवा आला की तुटते. बोगद्यात तर दोन्ही क्षीण होतात. सबब घाट लागण्यापूर्वीच साठविलेली गाणी लावावीत, अथवा त्याहून उत्तम म्हणजे संच बंदच करावा.

बंद करावा असे म्हणण्यास सबळ कारण आहे. घाटात चालकाचे दोन हात आणि दोन पाय गुंतलेले असतात, आणि गाडीची खबर त्याला कानानेच मिळते. चढावर इंजिन गुदमरू लागले तर खालचा गिअर टाकण्याची वेळ झाली, हे काट्याआधी आवाज सांगतो. उतारावर, ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरते. इंधन वाचविण्याच्या समजुतीने न्यूट्रल करून उतरल्यास सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. अरुंद ठिकाणी समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्या गाडीस आधी वाट द्यावी असा रस्त्याचा नियम आहे, आणि आंधळ्या वळणापलीकडून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू आला तरच तो पाळता येतो.

धुक्यात दिव्यांचा मोठा झोत धुक्यावरच आपटून परत डोळ्यांवर येतो, म्हणून डिपर मारून झोत खाली ठेवावा. चारही इंडिकेटर लावून चालण्याची प्रथा त्याज्य होय. तिने गाडी उभी आहे की चालली आहे हे मागच्यास कळत नाही, आणि वळण्याची खूण देण्याचे साधनही नष्ट होते. काचेवर आतून बाष्प धरले तर वातानुकूलन चालू करून, बाहेरची हवा आत घेऊन, झोत काचेकडे वळवावा. आतलीच हवा फिरवीत राहिल्यास श्वासातील दमटपणा वाढत जातो. इंडिकेटर आणि वायपर यांच्या दांड्या जपानी धर्तीच्या गाडीत अनुक्रमे उजवीकडे व डावीकडे, तर युरोपीय धर्तीच्या गाडीत उलट असतात. नवी किंवा परक्याची गाडी हाती घेताना ही खातरजमा अंगणातच करावी.

सपाटीवर उतरल्यावर संच पुन्हा लावण्यास हरकत नाही, पण वेगाबरोबर टायर आणि वारा यांचा गोंगाट वाढतो, त्यावर मात करण्यासाठी आवाज चढविला जातो, आणि गाव आले तरी तो उतरविण्याचे स्मरण राहत नाही. यास एक सोपी कसोटी आहे: काचा बंद असताना इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत असेल, तरच आवाज योग्य आहे. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांचे रुग्णालय सुरू झाल्यापासून मिरज हे वैद्यकीय उपचारांचे मोठे ठाणे बनले, आणि सांगली–मिरज रस्त्यावर रुग्णवाहिका ही नित्याची गोष्ट आहे. चढलेल्या आवाजात तिचा भोंगा ऐकू येत नाही. तिला वाट न देणे हा २०१९च्या दुरुस्तीपासून १०,००० रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे, आणि हातात धरलेला मोबाइल वापरीत गाडी चालविणे धोकादायक वाहनचालनात मोडते. तथापि कायद्याच्या धाकाहून, त्या गाडीत कोणाचा तरी बाप किंवा लेक आहे, हे स्मरण अधिक बळकट ठरावे.

दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे गळीत सुरू होते आणि रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी भरतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिव्याचा किंवा परावर्तकाचा पत्ता नाही, आणि चालकाशेजारी कर्णकर्कश टेप, अशा स्थितीत मागून आलेल्याने कितीही हॉर्न वाजविला तरी त्याला तो पोहोचत नाही. रात्रभर जागून ऊस ओढणाऱ्या त्या माणसाला झोप टाळण्यासाठी गाणे हवे असते, हे मी जाणतो. म्हणून टेप काढून टाका असे त्यास सांगण्याऐवजी, मागचा हॉर्न ऐकू येईल इतकाच आवाज ठेव, असे समजावणे इष्ट. ट्रॅक्टरमालकांनी प्रत्येक ट्रॉलीस परावर्तक लावून द्यावेत, कारखान्यांनी वजनकाट्यावरच ते तपासावेत, आणि मोटारवाल्यांनी ट्रॉलीमागे आल्यावर संच बंद करून, डिपर देऊन, समोरचा रस्ता मोकळा दिसेपर्यंत थांबावे. या तीन गोष्टी या गळीत हंगामापासूनच अमलात आणण्यास कोणत्याही नव्या हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही.