गोठविलेले दही आणि गिऱ्हाइकाचा हात

गिऱ्हाइकाने दुकानात जावे, दुकानदाराने माल मोजून द्यावा आणि गिऱ्हाइकाने पैसे चुकते करावे, हा व्यवहाराचा क्रम इतका जुना आहे की, तो कोणी मोडील अशी शंकाही सहसा मनात येत नाही. परंतु एका थंड व गोड पदार्थाच्या दुकानांनी तो मोडला आहे. त्या पदार्थाचे नाव फ्रोझन योगर्ट, म्हणजे गोठविलेले दही. छत्रपती संभाजीनगरच्या व आसपासच्या ज्या मंडळींनी मला या दुकानांचे वर्णन सांगितले, त्यांपैकी बहुतेकांनी ती परदेशी मुलाकडे किंवा मुलीकडे गेले असताना पाहिली होती. प्रत्येकाच्या सांगण्यात कौतुक होते. आणि कौतुकाच्या मागोमाग, किंचित खालच्या आवाजात, बिलाचा आकडाही होता. हे कौतुक आणि तो आकडा यांचा परस्परसंबंध काय, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

दुकानात शिरताच कागदी पेल्यांची उतरंड दिसते. आपण एक पेला उचलावयाचा. भिंतीशी यंत्रे ओळीने मांडलेली असतात आणि बहुधा प्रत्येक यंत्राला तीन दांडे असतात. डाव्या दांड्याखाली एक चव, उजव्याखाली दुसरी, आणि मधला दांडा ओढला असता दोहींची वेणी पडते. दांडा ओढावा, पेला हळूहळू फिरवावा, आणि मऊ दह्याचे वेटोळे एकावर एक चढत जावे, यात लहान मुलांना जो आनंद होतो तो मोठ्यांनाही होतो. मोठी माणसे तो कबूल करीत नाहीत इतकेच. पुढे फळांचे तुकडे, सुकामेवा, चॉकलेटच्या गोळ्या, चुरा आणि निरनिराळे पाक यांची भांडी असतात. त्यांतूनही आपणच वाढून घ्यावयाचे. शेवटी पेला काट्यावर ठेवला जातो आणि एकंदर वजनावर पैसे आकारले जातात. दह्याला निराळा दर नाही, बदामाला निराळा नाही. सगळे एकाच भावाने.

हा पदार्थ म्हणजे आपला चक्का नव्हे. चक्का होतो तो दही फडक्यात बांधून टांगल्यामुळे; त्यातील पाणी निथळून जाते आणि घट्ट अंश मागे राहतो. गोठविलेल्या दह्यात पाणी काढीत नाहीत. दूध, दुधाची भुकटी व साखर यांच्या मिश्रणाला विरजण लावतात, किंवा तयार दही त्यात मिसळतात, आणि मग ते यंत्रातील थंड नळकांड्यात सतत घुसळीत गोठवितात. घुसळल्यामुळे बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि मिश्रणात हवा शिरते. बाहेर येताना त्याचे तापमान शून्याखाली सहा ते आठ अंशांच्या आसपास असते, म्हणून ते दगडासारखे न होता लोण्यासारखे सुटते. दह्यातील जीवाणू थंडीने सगळेच मरत नाहीत. पुष्कळसे निपचित पडून राहतात. दही खाणारा दीर्घायुषी होतो ही समजूत युरोपात पसरविण्यास इल्या मेचनिकॉफ हे शास्त्रज्ञ बरेच कारणीभूत झाले. त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते, ते मात्र दह्याबद्दल नव्हे, शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनाबद्दल. ‘दही आहे, तेव्हा प्रकृतीला चांगलेच’ असे म्हणून दुसरा पेला भरणाऱ्याने त्यात साखरही बेताचीच नसते हे ध्यानात ठेवावे.

इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात हा पदार्थ विकावयास आला. १९८१ साली आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे त्याच्या एका मोठ्या दुकानमालिकेचा आरंभ झाला. २००५ साली लॉस एंजेलिसजवळ पिंकबेरीने आंबटसर चवीची टूम आणली, आणि पुढच्याच वर्षी त्याच प्रांतातील फुलर्टन गावी योगर्टलँडने दांडा गिऱ्हाइकाच्या हाती दिला. अर्थात गिऱ्हाइकाने आपला माल आपणच उचलावा ही युक्ती त्याहून पुष्कळ जुनी. क्लॅरेन्स सॉन्डर्स या व्यापाऱ्याने १९१६ साली मेम्फिस शहरात पिगली विगली नावाचे वाणसामानाचे दुकान उघडून ती रूढ केली. परंतु त्या दुकानातील मालाच्या पुड्या आधीच बांधलेल्या व किमतीच्या असत. मोजमापसुद्धा गिऱ्हाइकाच्या हाती, ही पुढची पायरी होय.

मोजमापाचा विषय निघाला म्हणजे मराठवाड्यातील जुन्या माणसास पायली आणि शेर यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दशमान वजने रूढ होण्यापूर्वी आपल्याकडे धान्य मापाने घेत, आणि मापाने घ्यावयाचे म्हटले की शिगेचा प्रश्न येई. माप काठोकाठ भरावयाचे की वर शीग चढू द्यावयाची? देणाऱ्याच्या बोटांत कसब असेल तर तेच माप पोकळही भरता येते आणि दाबूनही. ‘मापात पाप’ ही म्हण अनुभवातून आलेली आहे. दुधाच्या थंड पदार्थांच्या बाबतीत ही पोकळी यंत्रच निर्माण करते. एक लिटर मिश्रणाचे वजन सुमारे अकराशे ग्रॅम भरते; परंतु आइस्क्रीम एका लिटरला निदान ५२५ ग्रॅम भरले म्हणजे आपल्या देशातील नियमाचे समाधान होते. याचा अर्थ असा की, लिटरच्या डब्यात जवळजवळ अर्धी हवा असली तरी दुकानदार गुन्हेगार ठरत नाही. आकारमानावर विकल्या जाणाऱ्या पदार्थात हवा ही विक्रेत्याची कमाई असते.

वजनाने विकले की ही कमाई संपते, कारण हवा काट्यावर उतरत नाही. मऊ दह्यात हवा कितीही घुसळा, शंभर ग्रॅमचे पैसे देणाऱ्यास शंभर ग्रॅमच पदार्थ मिळतो. या दृष्टीने पाहता स्वतः भरून घेण्याची ही पद्धत गिऱ्हाइकाच्या फार सोयीची आहे. आपल्याकडे ती अगदी अपरिचित आहे असेही नाही. मुंबईस गिरगावच्या चौपाटीसमोर न्यू कुल्फी सेंटर या दुकानात कुल्फी कापून, काट्यावर तोलून देतात, आणि तेथे गर्दी करणाऱ्यांस त्यात काही विचित्र वाटत नाही. भेद इतकाच की तेथे सुरी दुकानदाराच्या हाती असते. शंभर ग्रॅम मागितली की तो शंभर ग्रॅमच्या अंदाजाने कापतो, आणि किती द्यावे लागणार हे आपणांस आधीच ठाऊक असते.

तो भेद लहान नाही. आपली पंगत आठवावी. श्रीखंडाचे पातेले घेऊन वाढपी येतो, आग्रह करतो, आपण पानावर आडवा हात धरतो. जास्त वाढले गेले तर दोष वाढप्याचा, आणि नको म्हणण्याचा मान आपला. या दुकानात वाढपीही आपणच आणि जेवणारेही आपणच. आग्रह करणारे कोणी नाही, म्हणून पानावर हात धरणारेही कोणी उरत नाही. त्यातून पेला मोठा. मोठ्या भांड्यातून मनुष्य अधिक वाढून घेतो आणि अधिक खातो, असा निष्कर्ष कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली अनेक प्रयोगांची छाननी करून काढला आहे. पण त्यासाठी संशोधकांची साक्ष काढण्याचे कारण नव्हते, घरातील कोणतीही गृहिणी तेच सांगेल. अर्धा लिटर मावेल अशा पेल्याच्या तळाशी चार घास पडले तर ते दरिद्री दिसतात. डोळ्यांना शोभेल इतके भरेपर्यंत हात थांबत नाही.

समजा, दर शंभर ग्रॅमला ८० रुपये आहे. अर्धा लिटरचा पेला मऊ दह्याने काठोकाठ भरला तर त्याचे वजन पावणेचारशे ग्रॅमांच्या घरात जाते. म्हणजे ३०० रुपये झाले, आणि फळांच्या भांड्यांपर्यंत आपण अद्याप पोहोचलोही नाही. हा आकडा दांडा ओढताना कोणाच्या डोळ्यांपुढे नसतो. दर शंभर ग्रॅमचा लिहिलेला असतो, आणि आपल्या हाताला शंभर ग्रॅम मऊ दह्याचा अंदाज नसतो. भाजीवाल्याच्या काट्यावर द्राक्षे जास्त भरली तर ‘दोन घड काढा’ म्हणता येते. येथे काढता येत नाही. पेल्यात पडलेले दही यंत्रात परत जाऊ शकत नाही, जाऊही नये. मागे रांग उभी असते, मुलाने एव्हाना चमचा बुडविलेला असतो, आणि किंमत कळते ती नेमकी त्या घटकेस. विद्यापीठाच्या वसतिगृहात राहणाऱ्या, खिशात दीडशे रुपये घेऊन मित्रांबरोबर आलेल्या विद्यार्थ्याची त्या वेळी काय अवस्था होत असेल याची कल्पना करावी. त्याला कोणी फसविलेले नसते. त्याने स्वतःच भरलेले असते. म्हणूनच तो तक्रार करीत नाही, फक्त पुन्हा येत नाही.

एकाच भावाच्या नियमात एक मौज आहे. शंभर ग्रॅमला ८० म्हणजे किलोला ८०० रुपये. त्या भावाने बदामाचे काप घेणाऱ्याचा फारसा तोटा होत नाही. परंतु कलिंगडाच्या फोडी आणि पाकात भिजलेली फळे ही मुख्यतः पाणी असतात, आणि पाण्याला वजन भरपूर. कलिंगड ८०० रुपये किलोने घेण्यास उभ्या बाजारात कोणी तयार होणार नाही. या दुकानात मात्र ते हसतमुखाने घेतले जाते. हलका चुरा, काजू-बदाम वर आणि पाक थेंबभर, असे जो करील त्याला थोड्या वजनात पेला सजविता येईल.

आता धड्याविषयी. घरचा तांब्या घेऊन तूप किंवा तेल आणावयास गेलेले गिऱ्हाईक आधी धडा करवून घेई. म्हणजे रिकाम्या भांड्याच्या वजनाइतके खडे दुसऱ्या पारड्यात घालून दांडी समतोल करीत, आणि मग माल तोलीत. विजेच्या काट्यावर हेच काम एका कळीने होते. ती कळ दाबलेली आहे की नाही, हे पाहणे गिऱ्हाइकाचे काम. कागदी पेला १५ ग्रॅमचा असला तर वरील भावाने त्याचेच १२ रुपये होतात. मिठाईच्या खोक्यासकट वजन करण्यावरून सणासुदीला आपल्या शहरात जे तंटे होतात, तोच हा प्रकार. कायद्याची बाजू स्पष्ट आहे: २००९ सालचा वैधमापन कायदा गिऱ्हाइकाला निव्वळ मालाचे वजन मिळावे म्हणूनच आहे, आणि व्यापारी काट्याची तपासणी होऊन त्यावर शिक्का बसावा लागतो.

या पद्धतीत एक गोष्ट मात्र कायमची गेली, आणि तिची हळहळ मला वाटते. भाजीवाली काटा झाल्यावर वर चार काड्या कोथिंबीर टाकते. मिठाईवाला मुलाच्या हातावर पेढ्याचा तुकडा ठेवतो. तो तुकडा कोणी तोलीत नाही. स्वतः भरण्याच्या दुकानात शेवटचा डाळिंबाचा दाणाही तोलला जातो. त्याची थोडी भरपाई म्हणून चव पाहण्यासाठी इवलेसे पेले फुकट देण्याची रीत बऱ्याच ठिकाणी आहे. तिचा लाभ संकोच न करता घ्यावा. चव न आवडलेले दही पेल्यात पडले की त्याचेही पैसे पडतात.

स्वच्छतेकडेही पाहावे. एकच दांडा दिवसभर शेकडो हात ओढतात, आणि शेंगदाण्याच्या भांड्यातील चमचा चॉकलेटच्या भांड्यात जाण्यास एक घाईचे मूल पुरे होते. ज्याला शेंगदाणा बाधतो त्याने अशा उघड्या भांड्यांपासून दूरच राहावे. यंत्राची तोटी चिकट दिसली, किंवा भांड्यांवर काचेचा आडोसा नसला, तर त्या दुकानाचे वेटोळे कितीही सुंदर असो, परत फिरावे.

असे दुकान आपल्या शहरात कोणी चालवू इच्छीत असेल, मग ते कॅनॉटला असो की निराला बाजारात, तर त्यास दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पेल्यावर शंभर व दोनशे ग्रॅमच्या ठळक खुणा असाव्यात, आणि यंत्रांच्या शेजारी गिऱ्हाइकासाठी एक निराळा काटा मांडावा, म्हणजे सुकामेव्याकडे वळण्यापूर्वीच त्यास आपला आकडा कळेल. विक्री पहिल्या दिवशी थोडी घटेल. पण तो विद्यार्थी पुन्हा येईल. शरदात दौलताबादच्या रस्त्याला टोपल्या मांडून विकले जाणारे सीताफळ दह्यात घालून पाहावे, हीही एक सूचना. परदेशी चवींच्या पंक्तीत ते खचित शोभेल. गराचे वजन मात्र बिया काढून करावे.