मुद्रणदोष आणि इंग्रजीच्या लहरी

छापलेला मजकूर बिनचूकच असावयाचा, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. इ. स. १६३१ मध्यें लंडन येथील राजमुद्रक रॉबर्ट बार्कर व मार्टिन लूकस यांनीं छापिलेल्या इंग्रजी बायबलांत सातव्या आज्ञेंतील 'नॉट' हा शब्द गळला, आणि व्यभिचाराचा निषेध करणारें वचन व्यभिचाराचीच आज्ञा देऊं लागलें! मुद्रकांस ३०० पौंड दंड ठोठावण्यांत आला. तीन अक्षरांच्या अभावीं असा अनर्थ होतो.

मग असे दोष दृष्टीस कां पडत नाहींत? आपण वाचतांना एकेक अक्षर पाहत नाहीं. ओळखीचा शब्द दिसतांच उरलेला भाग मन अंदाजानें भरून घेतें. संगणकही सर्वस्वीं तारूं शकत नाहीं. 'फ्रॉम'च्या जागीं 'फॉर्म' पडला, तर दोन्ही शब्द कोशांत असल्यानें शब्द तपासणारें यंत्र बहुधा स्वस्थ राहतें.

परंतु प्रत्येक भेद हा दोष नव्हे. आपल्या मावळांतील कार्ले गांवाचें नांव पाहा. इंग्रजींत कोणी त्याच्या शेवटीं 'आय' लिहितो, कोणी 'ए', कोणी 'ई'. मराठींत प्रत्ययापूर्वीं 'कार्ल्या' असें सामान्यरूप होतें. म्हणून आपण 'कार्ल्याचीं लेणीं' म्हणतों. इंग्रजींत नामाचें असें सामान्यरूप नाहीं, आणि रोमन लिपींत आपल्या स्वरांस एकच ठरलेलें चिन्हही नाहीं. तेव्हां तीन रूपें प्रचारांत आलीं. हे विकल्प होत. मात्र एकाच निबंधांत तिन्ही रूपें आलीं, तर तो दोष समजावा.

व्याकरणांतही असेंच आहे. वाक्याच्या शेवटीं शब्दयोगी अव्यय येऊं नये काय? १६७२ सालीं ड्रायडन कवीनें बेन जॉन्सनच्या लेखनांतील अशा रचनेस हरकत घेतली, आणि पुढें शाळांतून तो नियमच होऊन बसला. मराठींत 'कोणाबरोबर' यांतील 'बरोबर' तोडून वाक्याच्या टोकास नेतां येत नाहीं. म्हणून आपल्या मुलांस तो नियम स्वाभाविक वाटतो. पण इंग्रजीची प्रकृति निराळी आहे. 'हू डिड यू गो विथ?' असें तेथें सर्रास बोलतात, आणि चांगले लेखकही तशी रचना करितात. उलट, 'डिस्कस अबाउट' ही खरोखरीची चूक. आपण एखाद्या गोष्टीविषयीं चर्चा करितों, म्हणून 'अबाउट' आपोआप जोडिला जातो. इंग्रजी क्रियापद मात्र आपलें कर्म सरळ घेतें.

स्वल्पविरामही क्षुल्लक नव्हे. अमेरिकेंतील मेन राज्याच्या कायद्यांत, जादा कामाचा वाढीव मोबदला कोणत्या कामांस मिळणार नाहीं याची यादी होती. तिच्यांत शेवटच्या घटकापूर्वीं स्वल्पविराम नसल्यानें अर्थ संदिग्ध ठरला. २०१७ सालीं अपील न्यायालयानें एका दुग्धालयाच्या गाडीचालकांच्या बाजूनें निर्णय दिला, आणि २०१८ मध्यें ५० लाख डॉलरांवर तडजोड झाली.

पालकांसही एक विनंती आहे. प्रवेशाच्या वेळीं पाल्याच्या नांवाचें इंग्रजी लेखन स्वतः तपासावें. दाखला, परीक्षेचें प्रमाणपत्र व पारपत्र यांत एका अक्षराचा फरक राहिला, तर पुढें प्रतिज्ञापत्र व राजपत्रांतील प्रसिद्धि यांसाठीं हेलपाटे घालावे लागूं शकतात.

विद्यार्थिमित्रहो, तपासण्याची रीत सोपी आहे. लिहिल्यावर कांहीं वेळ जाऊं द्यावा. मग ओळीखालीं पट्टी धरून मोठ्यानें वाचावें. नांवें व आंकडे मूळ कागदाशीं ताडून पाहावे. एकदां शेवटच्या शब्दापासून उलट वाचावें, म्हणजे अर्थाच्या ओघांत डोळा फसत नाहीं. शेवटीं तो कागद दुसऱ्या कोणास दाखवावा. कारण आपली चूक परक्या डोळ्यास लवकर दिसते. आणि दुसऱ्याची चूक काढण्यापूर्वीं कोश उघडावा. वाद त्यानंतर घालावा.