लाल बहीतली उधारी

जयपुरात वैशाली नगरच्या आम्रपाली सर्कलमागे एका गल्लीत माझी बहीण राहते. मे महिन्यातल्या दुपारी तिथे कूलरपुढून हलायची सोय नसते. मी भाजी निवडत होते आणि भाचा हिशेब लिहीत होता. परकोट्यातल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातल्या, बाजारातून आणलेली खरीखुरी बही: लाल कापडी बांधणी, बांधायला दोरी, आत रेघांऐवजी कागदाला पाडलेले सळ. तीस वर्षं बँकेत खाती तपासलेल्या बाईची मान तिकडे वळणारच.

डावीकडे जमा, उजवीकडे नावे. रुपये मात्र कुठेच नाहीत.

केंतारो मिउरा यांची ‘बर्सर्क’ ही जपानी चित्रकथा तो दुसऱ्यांदा वाचत होता. १९८९ साली सुरू झालेली. एक डोळा आणि एक हात गमावलेला गट्स माणसाहून उंच तलवार घेऊन राक्षसांची शिकार करत फिरतो. रक्तपात इतका, की लहान मुलांच्या हाती देऊच नये. भाचा इंजिनिअरिंगला आहे म्हणून मी गप्प बसले.

पहिल्या वाचनात तो काहीच लिहीत नाही. दुसऱ्या वाचनात जिथे प्रश्न उभा राहतो तिथे वर्तमानपत्राची पट्टी खोचतो, आणि खंड संपला की पट्ट्या एकेक काढून बहीत उतरवतो. प्रश्न म्हणजे लेखकाकडची उधारी, ती नावे. उत्तर सापडलं की समोर जमा, खंड आणि पानाच्या आकड्यासकट.

“एवढी तलवार घडवली कुणी? लिही,” मी म्हटलं.

“गोदो लोहारानं. जमा आहे, मावशी.”

“आणि हा जेवतो कधी?”

“तो तुमचा प्रश्न झाला. लेखकानं विचारलेलाच प्रश्न चढवायचा.”

ओळखायचा कसा, तर चित्रावरून. मिउरा एखाद्या वस्तूवर उगाच चौकट खर्च करत नाहीत. पौर्णिमेच्या रात्री येणारा मुका मुलगा घ्या. तो येतो, गट्सच्या माणसांत रमतो, नाहीसा होतो. हा कोण, ही उधारी भाच्याच्या बहीत कित्येक पानं तशीच पुढे ओढली होती. जमा पडली ती ३६४व्या प्रकरणात: मुलाच्या जागी गट्सचा जुना मित्र आणि आताचा वैरी ग्रिफिथ उभा! पण ते प्रकरण छापून आलं सप्टेंबर २०२१ मध्ये, आणि मिउरा ६ मे २०२१ लाच गेले होते, ५४व्या वर्षी.

एका नोंदीवर मात्र मी अडले. ८३वं प्रकरण: जमा लिहून आडवी रेघ मारलेली. बँकेत अशी खाडाखोड दिसली असती तर मी सही मागितली असती. इथे खाडाखोड लेखकाचीच होती. त्या जगाचा देव कोण, हे मिउरांनी १९९६ मध्ये नियतकालिकात सांगून टाकलं आणि पुस्तक काढताना ते प्रकरण वगळलं. एवढं उघड केलं तर पुढे कथेला वाव राहणार नाही, असं त्यांना वाटलं. दिलेलं उत्तर परत घेणारा लेखक मला आवडला. आमच्या लहानपणी ‘चांदोबा’त विक्रम राजा दर महिन्याला उत्तर द्यायला तोंड उघडायचा आणि वेताळ पुन्हा झाडावर जायचा. राजा गप्प बसला असता तर काम झालं असतं, हे आम्ही ओरडून सांगत असू.

३६४ नंतर भाच्यानं शाई बदलली आहे. जून २०२२ पासून मिउरांचे जुने मित्र कोजी मोरी यांच्या देखरेखीखाली, मिउरांच्याच सहायकांच्या स्टुडिओ गागानं कथा पुढे सुरू केली. मिउरांनी आपल्याला जे सांगितलं होतं तेवढंच लिहीन, पदरचं घालणार नाही, असं मोरींनी आधीच जाहीर केलं. मला हे पटकन कळलं. कर्जदार वारला की वारसाची जबाबदारी हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. जे मोरींच्या कानावर कधी पडलंच नाही, ते वसूल कुणाकडून करणार?

म्हणून मी निवृत्त अधिकाऱ्याच्या अधिकारानं अगदी सुरुवातीच्या एका नोंदीवर बोट ठेवलं. बेहेलिट: अंड्याएवढा, त्यावर नाक-डोळे-ओठ विस्कटून चिकटवलेले. तो ज्याच्या नशिबात असतो त्याच्याकडेच पोचतो आणि त्याचा राक्षस करतो. तिसऱ्या खंडात एका सरदाराचा बेहेलिट गट्सनं उचलला. तो कुणासाठी? समोरची जमा बाजू कोरी.

“ही बुडीत खात्यात टाक,” मी म्हटलं.

त्यानं पट्टी परत जागेवर खोचली. “कशी टाकू, मावशी? बेहेलिट अजून गट्सच्याच सामानात आहे.”