शस्त्रक्रियेनंतरचा गुडघा आणि रानवाट

शिवपुरीच्या ज्या अरण्यात एके काळी शिंदे सरकारांच्या शिकारी होत, तेथेच आज माधव राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०२५ साली त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जाही मिळाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदुका खाली ठेवावयास लावल्या; शिकाऱ्याची चाल मात्र रानात उरली. खुणा शोधत, पाचोळा न वाजवता, ओढ्यात उतरत आणि पुन्हा काठ चढत जाण्याची ही चाल निवृत्तीनंतर वनप्रेमी मित्रांच्या सोबतीने मी अंगी बाणवली होती. वयाच्या ६४ व्या वर्षी उजव्या गुडघ्याचे सांधारोपण झाले आणि ती पुन्हा मुळापासून शिकावी लागली. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी आता साठी ओलांडली आहे, म्हणून त्या शिकण्यामागील शास्त्र येथे मांडतो.

धातूचा नवा सांधा पहिल्याच दिवशी शरीराचा भार पेलतो. दुर्बळ होतो तो मांडीचा पुढचा स्नायू. अमेरिकेतील एका अभ्यासात (२००५) शस्त्रक्रियेनंतर एका महिन्याने या स्नायूची शक्ती ६२ टक्क्यांनी घटलेली आढळली. स्नायू झिजतो हे त्याचे एक कारण खरे. परंतु अधिक मोठे कारण असे की, सुजलेल्या सांध्यातून जाणारे संदेश मज्जारज्जूत त्या स्नायूची आज्ञाच अडवून धरतात. फौज शाबूत आहे, हुकूम पोहोचत नाही! म्हणूनच टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबणे, बर्फाने शेकणे, पाय उंच ठेवणे या पोरकट वाटणाऱ्या गोष्टींना पहिल्या आठवड्यांत इतके महत्त्व असते. गुडघा वाकण्याची चिंता सर्वांनाच असते. तो पूर्ण सरळ होण्याची फारशी कोणी करीत नाही. वस्तुतः थोडा जरी वाकलेला राहिला, तर नुसते उभे राहतानाही मांडीस अखंड राबावे लागते.

खरी परीक्षा उताराची. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम सांध्यातच मापक बसवून २०१० साली भार मोजले, तेव्हा सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, तर जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट भार आढळला. चढताना स्नायू आखडत काम करतो. उतरताना ताण सोसत लांबत जातो. विहिरीत घागर सोडताना दोर हातातून सावकाश सोडावा लागतो, तसे हे काम आहे. दोर एकदम सुटला की घागर आपटते, आणि रानातल्या सैल मुरमावर माणूस. आरंभी जिन्यावर चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना शस्त्रक्रियेचा आधी, असा नियम असतो. पुढे ताकद येऊ लागल्यावर फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला १० सेंटिमीटर उंचीच्या फळीवर उभे केले आणि चांगल्या पायाची टाच तीन अंक मोजत जमिनीस टेकवावयास लावली. मग १५, मग २०. हा एकच व्यायाम कंटाळवाणा, परंतु मला सर्वांत फलदायी वाटला. सहाव्या महिन्यात ग्वाल्हेर किल्ल्याचा आलमगिरी दरवाजापासून हत्तीपोळपर्यंतचा चढ मी पायी केला. उतरताना काठी डाव्या हातात, म्हणजे शस्त्रक्रियेच्या विरुद्ध बाजूस. पाठीवर दुर्बीण आणि पाणी त्यानंतरच आले.

किती चालावे याचे उत्तर दुसऱ्या दिवशीची सकाळ देते. गुडघा आदल्या दिवसापेक्षा सुजलेला वा गरम असेल, तर चाल कमी करावी. जखमेतून स्राव, ताप, किंवा पोटरीत नवी सूज व दुखणे आले, तर मात्र व्यायामाचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

काही गोष्टी परत आल्या नाहीत. बहुतेक कृत्रिम गुडघे ११० ते १२५ अंशांपर्यंत वाकतात. उकिडवे बसण्यास त्याहून अधिक लागते. व्रणाच्या बाहेरच्या अंगास बधिरपणा आहे, त्यामुळे जमिनीवर गुडघा टेकणे नकोसे होते. झुडपाआड दबून बसण्याऐवजी आता पिशवीत घडीचे स्टूल असते. उठताना ते करकरते, आणि तेवढ्यानेही चितळ कान टवकारते.