ओढा नेमका कुठून वाहायचा?

आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे, ते गाव डिंभे धरणाच्या पोटात गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावला. जलाशय तळाला गेला की जुन्या गावाच्या खुणा वर येतात, पाऊस लागला की पुन्हा बुडतात. त्यामुळे विमानातून लेझर टाकून, म्हणजे लायडारने, या मुलखाचा नकाशा करायचा तर आधी महिना ठरवावा लागतो. जमीन मोजणाऱ्या लायडारमध्ये बहुधा अवरक्त लेझर असतो आणि तो पाण्यात शिरत नाही. तळ बघायला हिरवा लेझर लागतो, पण गढूळ पाण्यापुढे त्याचंही फारसं चालत नाही. म्हणजे एप्रिल-मे गाठायचा. तेव्हा ओढे कोरडे, झाडं निष्पर्ण आणि बराचसा ऊस कारखान्यात गेलेला असतो.

उभा ऊस हे या यंत्राचं मोठं दुखणं. बारा महिन्यांच्या फडात लेझर पाचटातच अडकतो. जुन्नरच्या ज्या फडात चार पावलांवरचा बिबट्या आपल्याला दिसत नाही, तिथे विमानातल्या यंत्राला जमीन सापडत नाही, यात नवल नाही. भीमाशंकरच्या सदाहरित रानात तर मे महिनाही कामाचा नाही. तिथे पानांच्या फटीतून जे चार किरण खाली पोचतील त्यांवर भागवायचं.

यंत्राची युक्ती तशी सोपी आहे. विमान किंवा ड्रोन सेकंदाला लाखो लेझर-स्पंद खाली सोडतं आणि प्रत्येकाला परतायला किती वेळ लागला ते मोजतं. एका नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे उंचीत १५ सेंटिमीटर. आंब्याच्या झाडावर पडलेल्या एकाच स्पंदाचा थोडा भाग शेंड्यावरून परततो, थोडा फांदीवरून आणि उरलासुरला जमिनीवरून. वरचे बिंदू गाळले की झाडं, घरं, मांडव सगळं निघून जातं आणि उघडी जमीन उरते. साध्या हवाई छायाचित्राला हे जमत नाही, त्याला झाडाचा माथाच दिसतो.

याची गरज का, ते जुना नकाशा उघडला की कळतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर साधारणपणे दर २० मीटरला एक समोच्च रेषा. दोन रेषांच्या मध्ये सहा मजली इमारत मावेल. माळशेजच्या कड्यांना हे चालतं. नारायणगावाखालच्या सपाटीला नाही, कारण तिथे पुराचं सगळं भांडण दोन-तीन मीटरांत मिटतं. जमिनीचा उतार दोनशेला एक असेल, तर उंचीतली अर्ध्या मीटरची चूक पूररेषेला शंभर मीटर सरकवते. शंभर मीटर म्हणजे कुणाचं तरी अख्खं वावर.

आणि पूररेषा ही काही नुसती रेघ नव्हे. निळ्या रेषेच्या आतलं निषिद्ध क्षेत्र, निळ्या-लाल रेषांमधलं नियंत्रित. निळी ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. धरणाखाली मात्र सांडव्याचा संकल्पित विसर्गही धरावा लागतो. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे एवढी धरणं डोक्यावर असलेल्या तालुक्यांत ही अट कागदापुरती राहत नाही.

मला स्वतःला नद्यांपेक्षा ओढ्यांचं जास्त वाटतं. नदी नकाशावर असतेच. ओढा जेसीबीने बुजतो, वावरात मिसळतो, आणि पाच वर्षांनी तिथे टोमॅटोचा मांडव उभा असतो. लायडारच्या पटावर मात्र तिथे वीतभर खोल, लांबलचक लवण उमटतं. संगणकाला पाणी ओतायला सांगितलं की ते त्याच लवणाने वाहतं.

पण संगणकही फसतो. त्याला रस्त्याचा भराव दिसतो, भरावाखालची मोरी दिसत नाही. मग पुणे-नाशिक रस्ता त्याला धरण वाटतो आणि वरच्या अंगाला कागदावर तळं साचतं. कोल्हापुरी बंधाऱ्याचे ढापे बसवलेत की काढलेत, हेही त्याला कुणीतरी सांगावं लागतं. मोरी खरंच आहे का, गाळाने बुजली आहे का, हे बघायला माणूस वाकून आत डोकावतो तेव्हा पटात तिथे पाण्यासाठी चीर पाडता येते.

नेदरलँड्सने आपला सगळा देश १९९६पासून असा मोजायला घेतला. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाने १९९९च्या फ्लॉइड वादळाचा मार खाऊन पूरनकाशे लायडारवर नव्याने केले. आपल्याकडे २०२१पर्यंत परवानग्यांचीच रांग मोठी होती. त्या वर्षी फेब्रुवारीत नकाशांचे नियम सैल झाले, ऑगस्टमध्ये ड्रोनचे. जूनमध्ये वाप्कोस या सरकारी कंपनीने वनक्षेत्रात पाणी अडवण्यासाठी लायडारवरून केलेले दहा राज्यांचे आराखडे जाहीर झाले, त्यांत महाराष्ट्र आणि गोवाही होते. गावठाणांवर ड्रोन फिरले ते स्वामित्व योजनेत. हद्दीवर चुना टाकायचा आणि वरून फोटो घ्यायचे. मिळकत पत्रिकेसाठी ते पुरेसं, पण गावठाणाला लागून वाहणारा ओढा त्यात आला तर योगायोगाने.

दरडीखाली गेलेलं माळीण याच आंबेगाव तालुक्यातलं. ३० जुलै २०१४च्या पहाटे डोंगर खाली आला, १५१ माणसं गेली. गाव दिसत नाही हे आधी कळलं एसटीच्या चालकाला. लायडार असता तर गाव वाचलं असतं, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पावसाच्या ढगांतून लेझर काय नि छायाचित्र काय, दोन्ही आंधळी; ढगाआडचं बघायला रडारच लागतं. जमिनीची सेंटिमीटरभर हालचाल टिपणारा ‘निसार’ हा रडार-उपग्रह श्रीहरिकोट्याहून सुटला तो २०२५च्या ३० जुलैलाच. पण पाऊस लागण्याआधी उतारावरच्या घळी, खाचरांच्या पायऱ्या, पाणी मुरायच्या जागा उघड्या करून दाखवणं लायडारला जमतं.

कुकडीकाठी बोरी बुद्रुकला या यंत्राची थट्टा करावीशी वाटते. नदीने आपल्याच जुन्या पुरांचा गाळ कापून उंच दरडी उभ्या केल्यात, आणि त्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तो जगापुढे आणला. राख सुमात्रातल्या तोबाची, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची, असं बरेच जण मानतात. काही मापनांत ती लाखो वर्षं जुनी निघाली. विमानातला लेझर या काठाच्या पायऱ्या मोजेल. दरडीचा उभा काप मात्र वरून धड दिसत नाही, तिथे चारच बिंदू पडतात. राख बघायची तर चपला हातात घेऊन पात्रात उतरायचं.