डॉक्टरांचे शिक्षक कसे घडले?

उत्तम निदान करणारा डॉक्टर उत्तम शिक्षक असतोच असे नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या अनुभवाने अंगात मुरलेले कसब त्याला स्वतःलाच शब्दांत सांगता येत नाही. रुग्ण दारातून आत येतानाच त्याला काहीतरी जाणवते. पण काय जाणवले आणि कशावरून, हे शेजारी बसलेल्या शिकाऊ डॉक्टरला उलगडून दाखवायला वेगळी विद्या लागते. फॅमिली डॉक्टरांनी ही विद्या कशी कमावली, याचा ठळक इतिहास ब्रिटनमध्ये सापडतो.

तिथे सुरुवात झाली ती नामुष्कीतून. १९५० साली जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने इंग्लंडमधील जनरल प्रॅक्टिसची पाहणी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातून दवाखान्यांची दैना आणि घाईघाईने उरकलेली तपासणी उघड झाली. दोनच वर्षांनी, १९५२मध्ये, या डॉक्टरांनी स्वतःचे कॉलेज स्थापन केले.

त्याच सुमारास मूळचे बुडापेस्टचे मनोविश्लेषक मायकेल बॅलिंट यांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जनरल प्रॅक्टिशनरांचे गट जमवायला सुरुवात केली. तिथे व्याख्यान नसे. एका डॉक्टरने आपल्याला छळणारा रुग्ण आठवणीतून सांगायचा आणि इतरांनी विचारायचे : या माणसाचा तुला राग का येतो? १९५७च्या आपल्या ग्रंथात बॅलिंट यांनी मांडले, की सर्वाधिक दिले जाणारे औषध म्हणजे खुद्द डॉक्टर. आणि त्याची मात्रा, त्याचे दुष्परिणाम कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाहीत. पुढे शिक्षक होणाऱ्यांसाठी यात मोठा धडा होता. उत्तर देण्याआधी ऐकायचे असते, रुग्णाचेही आणि विद्यार्थ्याचेही.

दुसरे पाऊल टेपरेकॉर्डरने टाकले. बर्न आणि लाँग यांनी सुमारे अडीच हजार तपासण्यांचे ध्वनिमुद्रण अभ्यासून १९७६मध्ये पुस्तक लिहिले. प्रत्येक डॉक्टरची बोलण्याची एक ठरावीक धाटणी असते आणि रुग्ण बदलला तरी ती सहसा बदलत नाही, असे त्यांना दिसले. आपला आवाज बाहेरून ऐकल्याशिवाय ही गोष्ट कुणाच्या ध्यानात येणार? १९८२पर्यंत राष्ट्रीय आरोग्य सेवेत जनरल प्रॅक्टिस करू पाहणाऱ्यांना तीन वर्षांचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. मग शिकवणारेही मोठ्या संख्येने लागले.

आता प्रश्न आला तो चूक कशी दाखवायची याचा. वैद्यकशिक्षणात चारचौघांत पाणउतारा करण्याची जुनी रीत होती. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड पेंडल्टन आणि त्यांच्या तीन डॉक्टर सहकाऱ्यांनी १९८४मध्ये साधा क्रम सुचवला : काय चांगले झाले हे आधी शिकणाऱ्याने सांगावे, मग इतरांनी, नंतर काय वेगळे करता आले असते हेही आधी त्यानेच सांगावे, मग इतरांनी.

समजा, चित्रफितीत एक बाई जाता जाता म्हणते, ‘घरी तसं ठीकच आहे म्हणायचं.’ शिकाऊ डॉक्टर तेव्हा औषध लिहीत आहे. शिक्षकाने ‘ऐकलं नाहीस’ म्हटले, तर विद्यार्थी बचावाला उभा राहतो. फीत पुन्हा लावून ‘आता काय ऐकू आलं?’ एवढेच विचारले, तर ते वाक्य त्याचे त्यालाच सापडते आणि जन्मभर लक्षात राहते.

मात्र नियमाचा विधी व्हायला वेळ लागत नाही. कौतुक चालू असतानाच विद्यार्थी पुढच्या ‘पण’ची वाट पाहू लागतो. म्हणून सिल्व्हरमन, कर्ट्झ आणि ड्रेपर यांनी वेगळी सुरुवात सुचवली : तू कुठे अडलास आणि तुला काय साधायचे होते, ते आधी सांग. रॉजर नेबर यांनीही १९९२च्या ‘द इनर अप्रेंटिस’मध्ये शिकणाऱ्याच्या आत चाललेल्या अभ्यासक्रमाला महत्त्व दिले.

या सगळ्यात शिक्षकालाही सूट नाही. तो प्रशिक्षकांच्या स्थानिक गटात बसतो, आपल्या शिकवण्याची चित्रफीत सहकाऱ्यांपुढे ठेवतो आणि त्याची मान्यता ठरावीक काळाने पुन्हा तपासली जाते. शिष्याकडून जे उघडेपण मागायचे, ते आधी स्वतः सोसावे लागते. शिकवण्याचे कौशल्य येते ते इथून.

आपल्याकडे २०१९पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला. पण तो शिकवला जातो महाविद्यालयात. तीन पिढ्यांची नाडी जाणणारा गल्लीतला डॉक्टर त्या वर्गाबाहेरच राहतो. त्याच्या शेजारी एक खुर्ची टाकून कुणाला बसवले नाही आणि त्यालाही शिकवायला शिकवले नाही, तर दवाखान्याचे शटर खाली येईल त्या दिवशी ते सारे ज्ञानही मिटेल.